दोन पंचांगं, एक इंजिन

माझ्या बहिणीच्या नवऱ्यांनी माझ्या परीक्षेसाठी नेमका एकादशीचा रविवार काढला. हा योगायोग होता असं मला सगळ्यांनी सांगून पाहिलं, बहिणीनेसुद्धा. मला ते पटलेलं नाही आणि पटणारही नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात खिडकीशेजारी पंचांग टांगलेलं असतं, आणि सकाळची कॉफी तोंडाला लावायच्या आधी ते त्यात डोकं घालतात. कुठल्या दिवशी माझ्या पोटात पाण्याचा थेंबही नसतो, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक असतं.

मी त्यांना भावोजी म्हणतो, समोर 'तुम्ही' म्हणतो, आणि इथेही मानानेच लिहिणार आहे. घरचं वळण आहे म्हणून. त्यात प्रेमाचा भाग नाही.

परीक्षा कसली, ते सांगतो. मोठी लाईन आली तेव्हा आमच्या भागातली छोटी लाईन उपटून नेली. एक तुकडा तेवढा राहिला, कुंभकोणमहून तिरुनागेश्वरम् करून तिरुनीलक्कुडीपर्यंतचा. त्यावर दर रविवारी आम्ही काही हौशी माणसं वाफेचं एक लहानसं इंजिन आणि तीन डबे चालवतो. पगार नाही, चहाही आपला आपण. यातल्या निम्म्या मंडळींना इंजिनापेक्षा इंजिनासमोर उभं राहून फोटो काढण्यात रस आहे. दुपारी इंजिन पुसायची वेळ आली की ह्यांच्या घरी नेमके पाहुणे येतात.

माझं कुंभकोणमला भांड्यांचं दुकान आहे. पितळ, तांबं, आणि आता नाइलाजाने स्टील. मुलगा गल्ल्यावर बसायला लागल्यापासून दुकानात माझं काम म्हणजे गिऱ्हाइकांशी वाद घालणं, आणि तेवढंही तो मला करू देत नाही. इंजिनात कोळसा मारायचा हे माझं शाळेपासूनचं वेड. साठी उलटल्यावर ती संधी आली, आणि पाहतो तर काय, ड्रायव्हरच्या जागेवर भावोजी! ते रेल्वेत लागले ते छोट्या लाईनीच्या शेवटच्या वर्षांत, फायरमन म्हणून. पुढे डिझेल चालवून निवृत्त झाले. वाफेचं इंजिन हाताळलेला दुसरा माणूस आमच्या मंडळींकडे नव्हता, आणि ही गोष्ट ते कोणाला विसरू देत नसत.

आमच्याकडे नियम असा, की 'हा माणूस एकट्याने आग सांभाळेल' असं ड्रायव्हरने म्हटल्याशिवाय फायरमनचा पितळी बिल्ला मिळत नाही. तसले बिल्ले मी टोपलीभर पाडून घेऊ शकतो, पण तो त्यांच्या तोंडून मिळायला हवा होता. दोन वर्षं मी विचारत होतो आणि दोन वर्षं ते 'अजून नाही' म्हणत होते. शेवटी एका फेरीची परीक्षा घेतो म्हणाले, ती ही. यंदा तिरुचीहून दुसरे एक ड्रायव्हर यायला लागले. शांत गृहस्थ आहेत, बोललं तर बोलतात. बिल्ला मिळाला की मला त्यांच्याबरोबर जाता येणार होतं, आणि मग भावोजींचं तोंड फक्त लग्नामुंजीत पाहायचं. मला बिल्ला हवा होता तो एवढ्यासाठी. बाकी काहीही कोणी सांगितलं तरी खोटं समजावं.

आता एकादशीचं. आम्ही दोन्ही घरं तंजावरची मराठी, पण आम्ही वैष्णव आणि ते स्मार्त. वर्षातून काही वेळा दोघांची एकादशी वेगळी पडते. आदल्या दिवशी त्यांची, दुसऱ्या दिवशी आमची. त्यांच्यात उपासाला दूध चालतं, फळं चालतात. आमच्याकडे पाणीसुद्धा नाही. माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, लग्न ठरलं तेव्हा आईने एकच गोष्ट मागितली होती, की मुलीला आमची एकादशी पाळू द्या. त्यांच्याकडच्यांनी मान डोलावली. लग्नानंतर दोन्ही पंचांगं पहिल्यांदा वेगळी पडली, त्या दिवशी, आमच्या एकादशीला, सासूने अक्काच्या पानात भात वाढला. भावोजी समोरच बसले होते, गप्प. अक्काने तो भात खाल्ला.

बातमी आमच्या घरी पोचायला वेळ लागला नाही. आईने अक्काला कधी काही विचारलं नाही, पण अक्काचं नाव काढणं तिने कमी केलं, ते ती जाईपर्यंत. मी त्या दिवसापासून भावोजींच्या घरच्या पाण्याला शिवलेलो नाही. चाळीसेक वर्षं होतील. अक्का पेला पुढे करते, मी 'नको' म्हणतो, आणि भावोजी पेपरामागे हसतात. खरं सांगायचं तर माझा अक्कावरही राग होता. ती त्यांची झाली, विषय संपला, असं मी धरून चाललो होतो.

त्या रविवारी पहाटे शेडमध्ये मी पहिला होतो. अंघोळ, कपाळाला गोपीचंदन, आणि पोटात कालपासून काही नाही. तेलात भिजवलेल्या चिंध्या पेटवल्या, त्यावर फळ्यांचे तुकडे, मग हाताने निवडलेला कोळसा. भट्टी हळूहळू तापायची असते, घाई केली की बॉयलरला ते सोसत नाही. या कामात मला फार सुख होतं, कारण तेव्हा कोणी बोलायला नसतं.

उजाडल्यावर भावोजी आले. त्यांची एकादशी शनिवारी होऊन गेली होती, त्यामुळे रविवारी त्यांची द्वादशी, म्हणजे पारणं. ते घरी पहाटेच उरकलं होतं. काय काय खाल्लं ते त्यांनी स्कूटरवरून उतरता उतरता मला ऐकवलं. अगस्तीची भाजी, आवळ्याची पच्चडी, मूगडाळ. एवढं कमी पडलं म्हणून हातात चार पुडांचा डबा आणि ताकाचा स्टीलचा थर्मास. अक्का स्कूटरवरून मागून उतरली. तिने फक्त पाण्याची बाटली घेतली होती. ती गाडीबरोबर येणार होती, पहिल्या डब्यात बसून. भाऊ पास होताना पाहायला आली असेल, असं मी मनात म्हटलं. किंवा नापास होताना.

"आज तुमची एकादशी ना रे?" भावोजींनी विचारलं. बाहेर आम्ही सगळे तमिळ बोलतो, पण टोचायचं असलं की ते मराठीत येतात. "होत नसलें तर पुढच्या आइतवारीं ठेवूं."

"इंजिनाला एकादशी कळत नाहीं," मी म्हटलं.

"तुला कळत्ये ना? वेयिल बघ केवढी पडणार अहे. मोर तरी पिऊनु घे थोडें."

वेयिल म्हणजे ऊन, मोर म्हणजे ताक. हे शब्द आमच्या मराठीत इतके मुरलेत की ते तमिळ आहेत हे सांगावं लागतं.

"तुमचें मोर तुमी प्या," मी म्हटलं. पुढच्या रविवारी ठेवलं असतं तर 'उपासाने गळाला' ही कथा त्यांनी मरेपर्यंत प्रत्येक पंगतीत सांगितली असती. मी त्यांना पुरता ओळखून आहे.

जाताना सगळं ठीक झालं. ठीक म्हणजे इंजिन ठीक. आम्ही दोघं जसे असतो तसेच होतो. मी फावडं भट्टीत घातलं की ते "पातळ, पातळ" म्हणणार, मी पातळ थर मारला की वाफ कमी पडल्याबद्दल नाक मुरडणार. आग भराभर जळून जावी म्हणून मुद्दाम इंजिन जोरात हाकणार आणि माझ्याकडे तिरक्या नजरेने पाहणार. मी भट्टीच्या मागच्या कोपऱ्यांत कोळसा नेमका टाकत होतो, धूर पांढुरका ठेवला होता, वाफेचा काटा जागचा हलू दिला नव्हता. याला नाव ठेवायला जागा नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्या कपाळावरून ओघळलेल्या गोपीचंदनाला नाव ठेवलं.

तिरुनागेश्वरमला देवदर्शनाला आलेल्यांची गर्दी होती. ती सगळी इंजिनाभोवती. पुण्याहून आलेल्या एक बाई खिडकीखाली उभ्या राहून आमचं ऐकत होत्या. आम्ही त्या वेळी कोळशाच्या चुऱ्यावरून एकमेकांचे वाभाडे काढत होतो. "अय्या, किती गोड, जुनं मराठी!" त्या म्हणाल्या आणि फोन आमच्याकडे रोखला. "अजून बोला ना!" आम्ही दोघंही त्याच क्षणी गप्प झालो. एकमत झाल्याचा एवढा एकच प्रसंग मला आठवतो.

तिरुनीलक्कुडीला गाडी अर्धापाऊण तास थांबते. इंजिन दुसऱ्या टोकाला जोडलं, टाकीत पाणी भरून घेतलं. पाण्याच्या त्या जाड धारेकडे मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काय झालं असतं सांगता येत नाही. भावोजी चिंचेच्या झाडाखाली बसून डब्याचे पहिले दोन पुडे ताकाबरोबर संपवत होते. शहाळीवाल्यापाशी रांग लागली होती. अक्का भावोजींच्या हातावर धुवायला पाणी ओतत होती, स्वतःच्या बाटलीतलं. तोवर बाटली काठोकाठ भरलेली होती. तिचे ओठ सुकलेले दिसले.

"पारणें झालें ना तुझें?" मी विचारलं. विचारायचं म्हणून.

"तूं आपली आग बघ," ती म्हणाली.

आमच्या घरात अशीच उत्तरं मिळतात, त्यामुळे मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

परतताना ऊन डोक्यावर होतं. भात कधीचा निघालेला, उडीदही काढून झालेला, दोन्ही बाजूंना नुसती भेगाळलेली शेतं. समोर भट्टी, वर पत्रा. घाम यायचा थांबला होता. हे वाईट लक्षण असतं एवढं मला माहीत होतं, पण त्या वेळी घाम गेला म्हणून बरंच वाटलं. कानात एकसारखा आवाज होता.

इथे दोन गोष्टी सांगायला हव्यात. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते एका उभ्या काचेच्या नळीत दिसतं. नळी पूर्ण भरलेली असली आणि पूर्ण रिकामी असली, तर दोन्ही वेळा सारखीच दिसते, कारण पाण्याची रेघच नसते. म्हणून नळीच्या मागे तिरप्या पट्ट्यांचा पत्रा बसवतात. नळीत पाणी असेल तर पट्टे उलट्या बाजूला कललेले दिसतात. पाणी नसेल तर रंगवले तसेच दिसतात. आमच्या इंजिनाचे पट्टे मीच रंगवले होते. आणि दुसरी गोष्ट म्हणजे इंजेक्टर. टाकीतलं पाणी वाफेच्या जोराने बॉयलरमध्ये ढकलायचं काम तो करतो. नीट चालला की एका सुरात गुणगुणतो.

तिरुनीलक्कुडी सोडल्यावर मी माझ्या बाजूचा इंजेक्टर उघडला. तो गुणगुणला. पुढे कधीतरी तो सुटला, पाणी बॉयलरमध्ये जायच्या ऐवजी खाली रुळांवर सांडायला लागलं. आणि तो सूर माझ्या कानातच चालू राहिला. मी काचेकडे पाहिलं. पाण्याची रेघ दिसेना. इतका वेळ पाणी घालतोय, म्हणजे काच वरपर्यंत भरली असणार, असं म्हणून मी इंजेक्टर बंद केला. बंद करताना स्वतःवर खूश झालो, हेही सांगून टाकतो.

ड्रायव्हरनेही त्या काचेवर नजर ठेवायची असते. भावोजी आपल्या बैठकीवर डबा मांडीत घेऊन बसले होते. डावा हात इंजिनाच्या दांड्यावर, उजवा दहीभातात. द्वादशीचा दिवस, कालची भूक आज भरून काढायची होती. त्यांनी पाहिलं ते पुढे रुळांकडे आणि खाली डब्याकडे.

मी कोळसा मारायला भट्टीचं दार उघडलं, वाकलो, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. हाताला लागला तो नळ धरून उभा राहिलो. डोळे उघडले तेव्हा तोंडासमोर काच होती आणि काचेत पट्टे. मी ते रंगवताना जसे कलते ठेवले होते, तसेच कललेले. उलटे नव्हते. मी पुन्हा पाहिलं.

"काच रिकामी!" मी ओरडलो.

भावोजींचा डबा खाली गेला. त्यांनी झेप घेऊन इंजिनाची वाफ तोडली, ब्रेक लावला, आणि काचेखालची तोटी उघडली. नुसती वाफ आली. पाण्याचा थेंब नाही.

भट्टीचं छत पाण्याखाली बुडालेलं असावं लागतं. ते उघडं पडून तापलं तर आधी त्यातलं शिशाचं बूच वितळतं, आणि आपलं नशीब खडतर असेल तर बॉयलरच फाटतो. अशा तापल्या छतावर गार पाणी सोडणं हा तर वेडेपणा. काचेत पाणी दिसेनासं झालं की आग टाकायची, म्हणजे भट्टीतून खाली पाडून विझवायची, हा आमचा नियम आहे. तो भावोजींनीच मला घोकवून घेतला होता.

आणि तेच भावोजी आपल्या बाजूच्या इंजेक्टरकडे हात नेत होते.

"बोटभर खालींच असेल पाणी," ते म्हणाले. "घालूं. कोणाला कळायचें नाहीं."

"नको. आग टाकायची."

"अरे, भर शेतांत? सगळा गांव डब्यांत बसला अहे! हसतील लोक."

मी त्यांचा हात धरला. चाळीस वर्षांत मी त्यांच्या अंगाला हात लावलेला नव्हता. दहीभाताने बुळबुळीत झालेला हात होता तो.

"आग टाकलीस तर बिल्ला विसर," ते म्हणाले. "जन्मभर विसर."

मी आग टाकली. भट्टीच्या तळाच्या जाळीचा तुकडा खाली पाडायचा दांडा असतो, तो ओढला, लांब आकडा घेतला आणि निखारे त्या भोकातून खालच्या राखपेटीत ओढायला लागलो. पहाटेपासून जपलेली आग होती. जे खाली जाईना त्यावर रुळांवर टाकायची वाळू फावड्याने फेकली. मला रडायला येत होतं, पण रडायलाही पाणी लागतं. मग भावोजींनी दुसरा आकडा उचलला आणि माझ्या शेजारी उभे राहिले. गार्डने कुंभकोणमला फोन केला की डिझेल पाठवा. डब्यांतून लोक उतरून फोटो काढायला लागले, ते अर्थातच.

सगळं विझल्यावर आम्ही खाली उतरून इंजिनाच्या सावलीत उभे राहिलो. भावोजींनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. शेताकडे पाहत, माझ्याकडे न पाहता, ते म्हणाले, "पाणी घातलें असतें मी. पोळलों असतों दोघे." आणि मग, "काच सुकवलीस तूं, पण मीही बघितली नाहीं. आग टाकलीस तें बरें केलेंस. बिल्ला घे."

म्हणजे मिळाला. दोन वर्षं ज्या माणसाच्या तोंडून एक शब्द निघत नव्हता त्याच्या तोंडून निघाला, तेही माझ्या चुकीनंतर आणि त्यांच्या चुकीसकट. पुढच्या रविवारपासून तिरुचीचे ड्रायव्हर, शांत माणूस, आणि यांचं तोंड नाही. मला विलक्षण आनंद झाला. घसा इतका कोरडा होता की काही बोलता आलं नाही, नाहीतर काहीतरी झोंबणारं बोललो असतो.

तेवढ्यात अक्का डब्यांच्या कडेने येताना दिसली. खडीवरून, डोक्यावर पदर, प्रत्येक दाराचा दांडा धरत.

"काय झालें?"

"तुझ्या भावानें काच सुकवली," भावोजी म्हणाले.

"तुझे यजमान जेवत बसले होते," मी म्हटलं. आम्ही दोघंही एकदम बोललो.

तिने आमच्या दोघांकडे पाहिलं आणि ती एकाएकी खाली बसली, रुळाच्या कडेला, बसायची जागा न पाहता. तोंड पांढरं पडलेलं होतं. भावोजी इंजिनावर चढून थर्मास घेऊन आले, झाकणात ताक ओतलं आणि तिच्यासमोर धरलं.

"घे. मोर घे."

तिने मान हलवली. "आज एकादशी."

"अग, ती काल झाली."

"ती तुमची," अक्का म्हणाली.

भावोजी झाकण हातात धरून तसेच उभे राहिले. मलाही आधी कळलं नाही. कळलं तेव्हा मी खालीच बसलो, तिच्यासमोर.

"कधींपासून?" भावोजींनी विचारलं.

"पंचांगें वेगळीं पडतात तेंव्हां तेंव्हां. काल तुमच्या घरची केली. आज आईची."

"पण भात खाल्लास ना तूं!" मी म्हटलं. इतक्या वर्षांनी हेच तोंडात आलं.

"खाल्ला. तो एकदांच. मग मी सगळ्यांच्या शेवटीं जेवायला लागलें." तिने भावोजींकडे पाहिलं. "शेवटीं जेवणारीच्या पानांत कोण बघतो?"

भावोजींनी मान खाली घातली. त्यांच्यासमोर ती चाळीस वर्षं पानं वाढत होती, आणि त्यांना पंचांगातलं सगळं दिसत होतं. मला त्यांची कीव आली नाही. उलट, 'आता बघा' असं काहीतरी माझ्या ओठांवर आलं होतं.

"आईला कां नाहीं सांगितलेंस?" मी विचारलं. "जाईपर्यंत ती..."

"आईला सांगितलें असतें तर तिनें तुला सांगितलें असतें," अक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण त्यात जो राग होता तो मी कोणाच्याच आवाजात ऐकलेला नाही. "आणि तूं आमच्या दारांत येऊनु ओरडला असतास, जिंकलों म्हणून. तुला माझी एकादशी नको होती. तुला हे हरायला पाहिजे होते."

खोटं असतं तर मी बोललो असतो.

तिने डोळे मिटले. भावोजी माझ्याकडे वळले. विनवणीचा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता आणि तो त्यांना शोभतही नव्हता. "तूं घे," ते हळूच म्हणाले. "तूं घेतलेंस तर ती घेईल."

मी झाकण घेतलं. त्यांच्या घरचं ताक, आलं-हिंग लावलेलं, अक्काच्या हातचं. एकादशीचा दिवस. एक घोट घ्यावा आणि तिच्यापुढे धरावं असा माझा विचार होता. पण एकच घोट घेऊन थांबता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मी ते झाकण संपवलं, भावोजींनी पुन्हा भरलं, मी पुन्हा संपवलं. इतकं चांगलं काही मी आयुष्यात प्यालेलो नाही, आणि प्यायचा थांबू शकत नाही म्हणून माझाच मला संताप आला. तिसऱ्यांदा भरलेलं झाकण मी अक्कासमोर धरलं.

ती डोळे उघडून माझ्याकडेच पाहत होती. मी प्यायला लागल्यापासून पाहत असणार.

"झालें?" ती म्हणाली. "ह्यांची काल झाली. तुझी आतां मोडली. राहिली ती माझी."

आणि ती उठली. भावोजींनी हात पुढे केला, तो तिने घेतला नाही. मी पुढे केला, तोही नाही. दारांचे दांडे धरत ती आली तशी परत गेली, आपल्या डब्यात चढली आणि खिडकीशी बसली, आमच्याकडे पाठ करून.

भावोजींनी माझ्या हातातलं झाकण घेतलं, त्यातलं ताक रुळांवर ओतलं आणि थर्मास बंद केला. डिझेल यायला उशीर होता. दुसरीकडे कुठे सावली नव्हती. म्हणून मी आणि ते, इंजिनाच्या त्याच सावलीत, डिझेल येईपर्यंत शेजारी शेजारी उभे राहिलो, दोघेही पोटभर ताक प्यालेले.